अहिल्याबाईंचं महेश्वर आणि आपलं भिजत घोंगडं

दिवाळीला नांदगावला घरी गेलो होतो. आजीनं माळ्यावरून तिचं जुनं घोंगडं काढायला लावलं. उलगडलं तर एका कोपऱ्याला कसर लागून चाळण झालेली. आजी म्हणाली की आता नवं घेऊन ये. मला वाटलं, किती सोपं काम आहे! बाजारात गेलो, चार दुकानं फिरलो. ब्लँकेटं ढिगानं होती, वाघाच्या चित्राची, गुलाबांची, अगदी मऊ मऊ. घोंगडं मात्र एकाही दुकानात नव्हतं. माल कुठून येतो विचारलं, तर सगळीकडे एकच उत्तर, पानिपत. आपल्या डोक्यात पानिपत म्हणजे १७६१. कापडाच्या बाजारात पानिपत म्हणजे ब्लँकेट.

त्याच संध्याकाळी शेताकडे गेलो. पावसाळा संपला की आमच्या शिवारात मेंढपाळांचे वाडे उतरतात. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे मेंढ्या, मागे कुत्री. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण लेंड्यांचं खत मिळतं, आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. त्या दिवशी मेंढ्या नुकत्याच कातरलेल्या होत्या, आणि कातरलेली काळी-करडी लोकर बांधाला तशीच टाकून दिलेली होती. मी विचारलं, ही विकत नाही का? मेंढपाळ हसला. लोकर विकून येतात त्याहून जास्त पैसे कातरायला लागतात, एवढंच त्यानं सांगितलं.

म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, घोंगड्याला गिऱ्हाईक होतं आणि लोकर बांधावर पडलेली होती. मधली साखळी गायब. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डेटा आहे, युजर आहे, पण मधली सिस्टिमच बंद पडली आहे.

दुसऱ्या दिवशी मित्राबरोबर चांदवडला गेलो. तिथला होळकरांचा रंगमहाल मी लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिला होता. या वेळी त्या कोरीव लाकडी खांबांच्या चौकात उभा राहिलो आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की हे घराणं मेंढपाळांचं. आणि याच घराण्यातल्या एका बाईनं अडीचशे वर्षांपूर्वी कापडाची एक अख्खी साखळी उभी केली, जी आजही चालू आहे. म्हणून आजचा लेख लोकरीवर आहे, पण सांगणार आहे अहिल्याबाई होळकरांचं आयुष्य. दोन्हींचा संबंध काय, ते शेवटपर्यंत कळेल.

चौंडी ते इंदूर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावातला. हे गाव जामखेड तालुक्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, घर धनगराचं. मुलींना शिकवण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं हिशेब आणि पत्रव्यवहारावर उभं आहे.

सासरे मल्हारराव होळकर. त्यांचा जन्म १६९३ चा, जेजुरीजवळच्या होळ गावचा. वडील लहानपणीच गेले, म्हणून आई मुलाला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे आली, आणि तिथे मल्हाररावांचं बालपण मामाच्या मेंढ्या राखण्यात गेलं. पुढे ते घोडदळात शिरले, बाजीराव पेशव्यांच्या नजरेत भरले आणि माळव्याचे सुभेदार झाले. चौंडीच्या देवळात त्यांनी लहानग्या अहिल्येला पाहिलं आणि सून म्हणून पसंत केलं, अशी आख्यायिका आहे. १७३३ मध्ये त्यांचा मुलगा खंडेराव याच्याशी तिचं लग्न झालं. वय आठ.

१७४५ मध्ये मुलगा मालेराव झाला, १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई. मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. मी आत्ता साधारण तेवढाच आहे, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर. त्यांच्यासमोर सती जाण्याचा प्रश्न होता. मल्हाररावांनी त्यांना अडवलं आणि कारभारात घेतलं.

पुढची बारा वर्षं म्हणजे त्यांचं प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण. मल्हारराव मोहिमांवर, अहिल्याबाई मागे रसद, वसुली आणि हिशेब बघताहेत. १७६५ च्या सुमाराची मल्हाररावांची पत्रं आहेत, त्यात सुनेला ग्वाल्हेरकडे तोफखाना घेऊन जाण्याच्या आणि तोफगोळ्यांची व्यवस्था लावण्याच्या सूचना आहेत. आपल्या मनातली अहिल्याबाई म्हणजे पांढऱ्या लुगड्यात हातात पिंड घेतलेली. ती आहेच. पण कच्चा माल कुठून, कारागीर कोण, माल कधी आणि कुठे पोचणार, हे प्रश्न तिनं आधी तोफगोळ्यांवर सोडवले होते.

२० मे १७६६ ला मल्हारराव वारले. गादीवर मालेराव आला आणि एका वर्षाच्या आत, १७६७ मध्ये, तोही गेला. राघोबादादांना होळकरांची दौलत ताब्यात घ्यायची होती. अहिल्याबाईंनी लढाईची तयारी केली, इतर सरदारांशी संधान बांधलं, आणि राघोबांना लढाईविना माघार घ्यावी लागली. पेशव्यांनी त्यांचा कारभार मान्य केला. लष्कर तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली. तिथून पुढे २८ वर्षं.

महेश्वर नावाची सिस्टिम

राजधानीसाठी त्यांनी नर्मदेकाठचं महेश्वर निवडलं. किल्ला होता, तीर्थक्षेत्राची वर्दळ होती. पण नुसत्या वर्दळीवर गाव जगत नाही, हाताला काम लागतं. म्हणून त्यांनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. महेश्वरचं कापड लोकरीचं नाही. महेश्वरी साडी सुती आणि रेशमी. आज सर्वसाधारणपणे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. काठावर विटांची, लाटांची, चटईची नक्षी असते, आणि ती किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कोरीव कामावरून आली असं विणकर सांगतात. काठ असा विणलेला असतो की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते.

आता इंजिनिअरच्या नजरेनं बघू. विणकर वसवायचा म्हणजे काय काय करावं लागतं? घर आणि मागाला जागा. सूत वेळेवर मिळण्याची सोय. रस्ते सुरक्षित, म्हणजे व्यापारी येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेलं गिऱ्हाईक.

रस्त्यांचं काम त्यांनी कसं केलं बघा. माळव्यातल्या वाटांवर भिल्लांची लूटमार चालायची. बंदोबस्त तर केलाच, पण पुढे त्याच भिल्लांवर वाटा राखायची जबाबदारी टाकली आणि त्या बदल्यात प्रवाशांकडून भिलकवडी नावाचा छोटा कर घ्यायची मुभा दिली. रस्ता राखण्यात त्यांचाही फायदा झाला. गिऱ्हाइकाचा प्रश्नही सुटला, कारण पहिलं मोठं गिऱ्हाईक स्वतः दरबारच होता. पाहुण्यांना, नातेवाइकांना आणि इतर दरबारांना भेट म्हणून महेश्वरचं कापड जायचं, असं परंपरेनं सांगितलं जातं. ज्याच्या घरी ते गेलं, तिथे त्याची जाहिरात आपोआप झाली.

पैशाची शिस्तही तशीच. देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च त्या होळकरांच्या खासगी उत्पन्नातून करायच्या, राज्याचा खजिना वेगळा. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० चं, त्यांनीच बांधलेलं. आमच्या नांदगावकरांना जवळचं उदाहरण म्हणजे वेरूळचं घृष्णेश्वर, त्याचा जीर्णोद्धारही त्यांचा. चांदवडच्या रेणुकेच्या देवळाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. विधवांची मालमत्ता जप्त करायची पद्धत त्यांनी चालू दिली नाही, दत्तक घ्यायची परवानगी दिली. सावकार-व्यापाऱ्यांना नाडून पैसा काढणं त्यांना मान्य नव्हतं. त्या गेल्यानंतर काही वर्षांनी जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात आला आणि लोकांकडून माहिती गोळा करत फिरला. शत्रूपक्षाच्या या माणसानंही त्यांच्या कारभाराबद्दल आदरानंच लिहिलं.

घरात मात्र एकामागून एक माणसं गेली. नवरा, सासरे, मुलगा. म्हातारपणी नातू गेला, मग जावई यशवंतराव फणसे गेले, आणि १७९१ मध्ये मुक्ताबाई सती गेल्या. ज्या बाईला सासऱ्यानं सती जाण्यापासून वाचवलं, तिला स्वतःच्या मुलीला वाचवता आलं नाही. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरातच अहिल्याबाईंनी देह ठेवला.

माग त्यांच्यामागे चालत राहिले. विसाव्या शतकात गिरणीच्या कापडापुढे हा धंदाही बसत चालला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात रेहवा सोसायटी सुरू केली, बायकांना विणकाम शिकवलं, शहरांतलं गिऱ्हाईक जोडलं. आज महेश्वरात घाटावर फिरलात तर मागांचा आवाज ऐकू येतो. म्हणजे साखळी एकदा नीट बसवलेली असेल तर ती मोडकळीला आल्यावर दुरुस्तही करता येते.

आता लोकरीकडे

आता परत बांधावर टाकलेल्या लोकरीकडे येऊ. ती टाकाऊ आहे का? तांत्रिक उत्तर आहे, अजिबात नाही.

लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. आपले केस, नखं ज्याची बनतात तेच. या तंतूची गंमत अशी की तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प आत घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. पॉलिस्टर एक टक्कासुद्धा घेत नाही. शिवाय बाष्प आत घेताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. पावसात डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतलेला मेंढपाळ उबेत का राहतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तंतूवरचे खवले आणि लोकरीतली नैसर्गिक चरबी, ज्यामुळे पावसाचं पाणी बरंचसं वरूनच निथळतं. पण एकदा का घोंगडं पुरतं भिजलं की ते जड होतं आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. भिजत घोंगडं हा वाक्प्रचार उगाच आला नाही.

आगीचं बघा. लोकर पेट घ्यायला ५७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि ज्योत काढली की ती बहुधा विझते. पॉलिस्टर २५०-२६० अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. घरी तपासायचं असेल तर एकच धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक.

आणि टाकून दिल्यावर? लोकर मातीत कुजते. तिच्यात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ती खतच आहे. पॉलिस्टर आणि ॲक्रिलिक खनिज तेलापासून बनतात, प्रत्येक धुण्यात बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात सोडतात, आणि ते तिथेच राहतात.

मग लोकर म्हणजे पर्यावरणाला सगळ्यात चांगलं कापड? एवढ्या घाईनं हो म्हणू नका. मेंढी रवंथ करणारा प्राणी आहे, तिच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्या मुख्यतः लोकरीसाठी पाळल्या जातात, त्यामुळे त्या मिथेनचा मोठा वाटा लोकरीच्या खात्यावर जातो. किलोमागचा हिशेब केला तर अशी लोकर कृत्रिम धाग्यापेक्षा जड पडू शकते. धुलाईला पाणी लागतं ते वेगळं.

पण आपली दख्खनी मेंढी मटणासाठी आणि खतासाठी पाळली जाते. उन्हाचा आणि गोचिडांचा त्रास होऊ नये म्हणून तिला वर्षातून साधारण दोनदा कातरावंच लागतं. समजा एक सर्व्हर मुख्य ॲपसाठी चोवीस तास चालूच आहे आणि त्यावरच एक छोटं ॲप टाकलं, तर त्या छोट्या ॲपच्या खात्यावर विजेचं बिल किती लावणार? जवळजवळ काहीच नाही. दख्खनी लोकर ते छोटं ॲप आहे. मेंढी आहेच, कातरणी होणारच. लोकर वापरली काय आणि टाकली काय, मिथेन तेवढाच. त्यामुळे ती वापरून एक पॉलिस्टरचं ब्लँकेट वाचलं, तर तो निव्वळ फायदा. म्हणून कापड टिकाऊ विकासाला धरून आहे की नाही, हे नुसत्या धाग्याच्या नावावरून ठरत नाही, तो कुठल्या साखळीतून आला हे बघावं लागतं.

मग ती टाकली का जाते? कारण ती जाड आहे. मेरिनोचा तंतू साधारण १५ ते २४ मायक्रॉनचा असतो. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतो, आणि दख्खनी लोकरीत असे तंतू भरपूर, वर केसही मिसळलेले. रंग काळा-करडा, त्यामुळे रंगवताही येत नाही. स्वेटरसाठी ती बाद. म्हणून आपल्याकडच्या गिरण्या बारीक लोकर ऑस्ट्रेलियातून आणतात आणि आपली बांधावर पडते.

घोंगड्यासाठी मात्र हीच लोकर लागते. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्यांची खळ लावून तो कडक करायचा, मग खड्ड्याच्या मागावर विणायचं. सणगर समाजाचं हे पिढीजात काम. चिंचोके गावात, लोकर गावात, रंग मेंढीचाच. या सगळ्यात बाहेरून आणावं लागतं असं काहीच नाही.

कमी काय आहे?

महेश्वरची यादी इथे लावून बघा. कच्चा माल आहे. कारागीर आहेत, पण म्हातारे होत चाललेत आणि पोरं दुसऱ्या कामाला लागलीत. कातरतानाच रंगानुसार आणि जाडीनुसार लोकर वेगळी करण्याची सोय नाही. जवळपास धुलाई आणि पिंजणीचं यंत्र नाही. आणि ठरलेलं गिऱ्हाईक नाही.

यातलं पहिलं मोठं गिऱ्हाईक कोणी व्हायचं? अहिल्याबाईंच्या काळात दरबार झाला. आज सरकारी वसतिगृहं, रेल्वे, सत्कार समारंभ आहेत. आपल्याकडे शाल-श्रीफळाशिवाय एक कार्यक्रम होत नाही. त्यातल्या दहातल्या एका शालीच्या जागी घोंगडी दिली तरी किती माग चालतील, विचार करा. काही ठिकाणी धनगरी सत्कारात घोंगडी देतातच. अंगावर टोचते असं म्हणणाऱ्यांसाठी तिचे दुसरे उपयोग आहेत. गालिचे, पिशव्या, पत्र्याच्या छताखाली उष्णता आणि आवाज अडवणारे थर, रोपांच्या मुळाशी ओल धरणारं आच्छादन. दख्खनमध्ये काही छोटे गट या लोकरीच्या वस्तू करून विकायलाही लागले आहेत.

राज्यात मेंढपाळांसाठी जे सरकारी महामंडळ आहे, त्याचं नावच पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ. जिल्ह्यालाही त्यांचं नाव मिळालं. नावं देऊन झाली. आता त्यांच्या कामातली पद्धत उचलायला काय हरकत आहे?

आजीच्या घोंगड्याचं काय झालं? सांगली जिल्ह्यातल्या एका विणकराचा नंबर मिळाला, फोन केला, सांगितलं. दीड महिन्यानं पार्सल आलं. ब्लँकेटच्या कितीतरी पट महाग पडलं, खोटं कशाला बोलू. आजीनं गाठोडं सोडलं, आधी वास घेतला, मग कडेचा एक धागा तोडून चुलीत धरला आणि राख बोटावर चुरून बघितली. कुठल्याही टेक्स्टाइल लॅबनं केली असती तीच टेस्ट. मग खळ निघावी म्हणून तिनं ते नवंकोरं घोंगडं हौदात भिजत घातलं, आणि मला बजावून सांगितलं की विसरू नकोस, उद्या सकाळी काढून उन्हात टाकायचंय.